बैल, तगाई आणि सरकार

दुष्काळाच्या इतिहासात माणसांच्या हालांची कहाणी ठळक अक्षरांत लिहिली जाते. रिकाम्या गोठ्याची नोंद मात्र महसुली कागदांच्या तळाशी पडून राहते. वास्तविक पाऊस परतला तरी दावणीला बैल नसेल तर शेत पडीकच राहते आणि एका वर्षाचा दुष्काळ तीन वर्षांचा होतो. जुन्या राज्यकर्त्यांना हे ठाऊक होते. राजाने शेतकऱ्यांस धान्य, पशू व द्रव्य देऊन साह्य करावे आणि त्यांनी ते आपल्या सोयीने, सुखाने परत करावे, असे कौटिल्य सांगतो. यात देण्याइतकेच घेण्याच्या रीतीला महत्त्व आहे.

हीच दृष्टी शिवाजी महाराजांनी १६७६ च्या सप्टेंबरात प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेल्या पत्रात दिसते. ज्याच्याजवळ माणसे आहेत पण बैल नाहीत, त्याला बैलांसाठी रोख पैसा द्यावा, पोटासाठी धान्य द्यावे आणि वाढीदिढी न करता नुसते मुद्दल, तेही त्याला ताकद येईल तसतसे, हळूहळू उगवून घ्यावे, अशी ती आज्ञा होती.

दोन शतकांनंतर, १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. त्यानंतर नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८८० मध्ये आला आणि १८८४ साली शेतकी कर्जाचा कायदा झाला. आपत्तीनिवारण, बियाणे व गुरांची खरेदी यांसाठी तगाई देण्याची सोय त्यात होती. परंतु हे अनुदान नव्हे. सव्याज कर्ज होते, आणि थकबाकी जमीनमहसुलाप्रमाणे वसूल करण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला होता. बुडत्याला दोर द्यायचा, पण दुसरे टोक मामलेदाराच्या हाती!

या व्यवस्थेतील उणीव १८९९-१९०० च्या ‘छप्पनिया’ दुष्काळात उघडी पडली. विक्रम संवत् १९५६ वरून त्याला हे नाव मिळाले. गुजरातेत आगगाडीने धान्य पोहोचविता आले. पण गवत म्हणजे अजस्र आकाराचा माल, जनावरागणिक रोजच्या रोज लागणारा. नामांकित गुरांचा हा प्रदेश पाहता पाहता ओस पडला. मेलेल्या बैलाच्या जागी नवा घेण्यास तगाई होती. जिवंत बैल जगविण्यास वैरण नव्हती. कांकरेज जातीचा वंश तरी टिकावा म्हणून पुढे अहमदाबाद जिल्ह्यात छारोडी येथे गव्हर्नर नॉर्थकोट यांच्या नावाने पशुपैदास केंद्र उघडावे लागले. १९०१ च्या मॅकडोनेल आयोगाने तगाई वेळीच आणि सढळ हाताने द्यावी, त्यायोगे लोकांना धीर येतो, असे बजावले.

स्वातंत्र्योत्तर काळात कर्जाच्या जोडीला परत न करावयाचे साह्य आले आणि छावणी ही सरकारी जबाबदारी ठरली. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरविलेल्या आपत्तीसाह्याच्या दरांत दुभत्या गाईम्हशीच्या मृत्यूस ३७,५०० रुपये, तर बैलास ३२,००० रुपये धरले आहेत. मात्र एका कुटुंबाची तीनच मोठी दुभती जनावरे त्यात मोजली जातात. छावणीतल्या मोठ्या जनावरामागे दिवसाला ८० रुपये मंजूर आहेत. त्यात चारापाणी आणि औषधही आले.