मागचा बोळ

एका कन्नड कथेचा अनुवाद करताना मी ‘मोरी’ या शब्दापाशी अडले. शब्द दोन्ही भाषांत आहे, म्हणूनच फसवा. आमच्या घरच्या मराठीतली मोरी घरात असते. तिथे भांडी घासतात, हातपाय धुतात. कन्नडमधली मोरी बाहेर, रस्त्याच्या कडेने वाहते. कथेतली बाई ती ओलांडून मागच्या बोळात जाते. तो बोळ मात्र माझ्या ओळखीचा होता. बसवनगुडीत आमच्या घरामागे तो अजून आहे.

बंगळूरकर त्याला कन्झर्व्हन्सी लेन म्हणतात. मुंबईची हाऊस गल्ली आठवावी. ही तिच्याहून ऐसपैस. १८९८ साली शहरात प्लेग आला आणि जुन्या पेटेतल्या दाटीवाटीतून माणसं बाहेर पडली. त्यांच्यासाठी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहती उभ्या राहिल्या. सरळ रस्ते, घरांभोवती मोकळी जागा, हवा, उजेड. आणि पाठीला पाठ लावून उभ्या घरांच्या दोन रांगांमध्ये हा बोळ. संडास परसाच्या टोकाला, मागच्या भिंतीत जमिनीलगत एक झडप. सफाई कामगाराने बोळातून यायचं, झडप उघडून टोपली रिकामी करायची आणि घरातल्या कुणाच्या नजरेस न पडता निघून जायचं. नगररचनेच्या भाषेत ही आरोग्याची सोय. रुंद रस्ता हवेसाठी होता हे मलाही मान्य आहे. पण त्या बोळातून कोण येणार, हे आखणी करणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं, घरमालकांनाही.

मैल्याच्या खताला मराठीत सोनखत म्हणतात. या सोन्याचं शास्त्र बंगळूरातच बसवलं गेलं: १९३९ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी शहरातला कचरा आणि मैला चरांत थराथराने भरून, वरून मातीने लिंपून, काही महिने न हलवता कुजवण्याची पद्धत तयार केली. कंपोस्टच्या पुस्तकांत ती आजही ‘बंगळूर पद्धत’ म्हणून शिकवतात. चरापर्यंत मैला कुणी वाहून आणला, हा प्रश्न त्या पद्धतीत येत नाही. तो विचारणारे वेगळे. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम आपल्याला करू द्यावं म्हणून उपवास केला होता. कर्नाटकात डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी आली ती सत्तरच्या दशकात, देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळातल्या बी. बसवलिंगप्पांच्या आग्रहाने.

तोवर भुयारी गटारं आली होती. बंगळूरात त्यांची सुरुवात १९२२ची. पुढे ती वस्तीवस्तीने पसरली, आणि झडपा विटा लावून बुजवल्या गेल्या. मैला दिसेनासा झाला, म्हणजे वृषभावतीत गेला. ही नदी बसवनगुडीच्या मोठ्या नंदीच्या पायाशी उगम पावते अशी श्रद्धा आहे, नावही त्याच्यावरूनच. आज म्हैसूर रस्त्याने जाताना तिचा वास आधी येतो.

आम्हाला निदान गटार मिळालं. २००७ साली महानगरपालिकेत ११० खेडी सामील झाली, त्यांतल्या एकात माझ्या मावशीने घर बांधलं. नळाला पाणी नव्हतं, गटार तर नव्हतंच. सेप्टिक टँक बांधला आणि कंत्राटदार म्हणाला, “तीस वर्षं बघायला नको.” हे खोटं होतं. टाकीत जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. जंतू गाळ थोडा पचवतात, सगळा नाही. दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतो, नाहीतर गाळच पुढे सरकून शोषखड्ड्याची माती बुजवतो. मावशीकडे आठव्या पावसाळ्यात पाणी उलटं फिरलं आणि मोरीत आलं. आपल्या मोरीत.

टँकर बोलावला. इथे त्याला ‘हनीसकर’ म्हणतात. एका भाषेत सोनं, दुसरीत मध, मैल्याला नावं ठेवताना आपण भलतेच उदार. पाइपने बरंच ओढलं, पण तळ घट्ट झाला होता. ड्रायव्हर म्हणाला, “अम्मा, पाचशे जास्त द्या, पोरगा उतरून मोकळा करेल.” पोरगा चप्पल काढू लागला होता. मावशीने माझ्याकडे पाहिलं. २०१३चा कायदा मला माहीत होता. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती तीस लाख केली, हेही माहीत आहे. टाकीतला वायू एका श्वासात माणूस पाडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही परत येत नाही. तरी ‘नको’ म्हणायला मला वेळ लागला. मोरीत पाणी होतं, आणि रात्री पाहुणे येणार होते.

पाहुण्यांना शेवटी बसवनगुडीला आणलं. दुसऱ्या दिवशी गाळात पाणी सोडून, ढवळून, पुन्हा पाइपने ओढला. दुप्पट पैसे पडले. टँकर जवळच्या नारळाच्या बागेकडे गेला.

अनुवादात मी ‘मोरी’ तशीच ठेवली आहे. ‘बोळा’ला संपादकांनी तळटीप मागितली आहे. ती अजून लिहून झालेली नाही.