अचूक मॉडेल, घातक सल्ला

वैद्यकीय भाकितांबद्दल सध्या प्रचलित असलेलं मत थोडक्यात असं: हजारो रुग्णांच्या जुन्या नोंदींवर मॉडेल शिकवा, त्याने न पाहिलेल्या नोंदींवर त्याची परीक्षा घ्या, आणि ते पास झालं की त्याच्या सांगण्यावरून उपचार ठरवा. या पक्षाची एक बाजू भक्कम आहे. साध्या संख्याशास्त्रीय सूत्राची भाकितं बहुतेकदा अनुभवी तज्ज्ञांच्या तोडीची किंवा त्यांहून सरस ठरतात, हे पॉल मील या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच पुस्तक लिहून मांडलं. ते मला मान्यच आहे. भाकीत बरोबर आलं म्हणून त्यावरून निघणारा सल्लाही बरोबर, हे मात्र साफ चूक आहे.

१९९०च्या दशकात अमेरिकेत पिट्सबर्गच्या संशोधकांसमोर प्रश्न होता की, न्यूमोनियाच्या कुठल्या रुग्णांना दाखल करायचं आणि कुणाला औषधं देऊन घरी पाठवायचं. चौदा हजारांवर रुग्णांच्या नोंदी हाताशी होत्या. ०.५ म्हणजे निव्वळ अंदाजपंचे आणि १ म्हणजे निर्दोष, अशा मोजपट्टीवर न्यूरल नेटवर्कला ०.८६ मिळाले, तर जुन्या लॉजिस्टिक रिग्रेशनला ०.७७. निकाल उघड वाटत होता. पण त्याच नोंदींवर शिकलेल्या, नियम वाचता येतील अशा आणखी एका पद्धतीने काढलेला एक नियम असा होता: रुग्णाला दमा असेल, तर न्यूमोनियाने दगावण्याचा धोका कमी.

नोंदींपुरता हा नियम खरा होता. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला, की डॉक्टर त्याला सहसा थेट आयसीयूत हलवत, आणि तिथल्या शर्थीच्या उपचारांनी तो वाचे. मॉडेलच्या पदरात पडलं ते एवढंच: दमा होता, रुग्ण जगला. त्याचं ऐकलं असतं, तर ज्या उपचारांनी हे रुग्ण वाचत होते, नेमके तेच काढून घेऊन त्यांना घरी धाडलं गेलं असतं.

‘मग नोंदी वाढवा,’ असं उत्तर येतं. त्याच पद्धतीने उपचार करणाऱ्या रुग्णालयांतून दहा लाख नोंदी आणल्या, तरी हा नियम अधिकच पक्का होईल. ‘मग दम्याचा रकाना वगळा.’ दमा डोळ्यांना दिसला म्हणून वगळता येईल. न दिसलेल्यांचं काय? संशोधक रिच करुआना आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली याच नोंदी वाचता येण्याजोग्या मॉडेलने तपासल्या, तेव्हा छातीतलं दुखणं आणि जुना हृदयविकार यांनीही धोका कमी होतो, असंच दिसलं! पिट्सबर्गकरांनी १९९०च्या दशकातच न्यूरल नेटवर्क बाजूला ठेवून कमी गुणांचं, पण वाचून दुरुस्त करता येणारं मॉडेल पत्करलं. तो निर्णय मला धाडसाचा आणि पूर्णपणे शास्त्रीय वाटतो.

नोंदीतल्या ‘परिणामा’त रोगाइतकाच उपचारांचा, आणि पैशाचाही वाटा असतो. जादा देखभालीसाठी रुग्ण निवडणाऱ्या अमेरिकेतल्या एका प्रणालीची तपासणी २०१९ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे होणारा खर्च हेच आजाराचं माप, असं तिने धरलं होतं. कृष्णवर्णीयांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होई, म्हणून प्रणालीच्या लेखी ते कमी आजारी ठरत. ही तफावत दूर केली, तर निवडलेल्यांतलं त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांनी काढलं. खर्चाचा अंदाज मुळात चुकलेला नव्हता. चुकला होता तो प्रश्न.

म्हणून नव्या औषधाला जी अट, तीच मॉडेललाही हवी. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करा, एका गटाचे उपचार मॉडेलच्या सल्ल्याने आणि दुसऱ्याचे नेहमीच्या रीतीने होऊ द्या, आणि दोन्हीकडे किती रुग्ण दगावले ते मोजा.