गिटारच्या ॲम्प्लिफायरचे माहेर: सभेचा मंडप

फेंडर किंवा गिब्सन गिटारचे पोट उघडले, की आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या पॉटवर (पोटेन्शिओमीटरवर) पुष्कळदा तीन अक्षरे दिसतात: सीटीएस. पूर्ण नाव शिकागो टेलिफोन सप्लाय. ही कंपनी १८९६ मध्ये शिकागोत निघाली, काही वर्षांत इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टला गेली आणि टेलिफोनचे भाग करता करता रेडिओचे पॉट करू लागली. आता गांधीजींच्या, नेहरूंच्या सभांची जुनी छायाचित्रे पाहावीत. वक्त्यासमोरच्या मायक्रोफोनवर पाटी असते: ‘शिकागो रेडिओ’. ही कंपनी आपल्याकडची. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमधल्या सक्करला सुरू केलेली, कराचीमार्गे मुंबईला आलेली, आणि पुढे नाशिक रोडला कारखाना थाटणारी. ‘शिकागो रेडिओ’ होण्याआधी तिने जे नाव घेतले होते, तेही शिकागो टेलिफोन सप्लाय!

हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. त्या काळी अमेरिकी मालाचा दबदबा होता, तेव्हा गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून एखादे अमेरिकी शहर नावात घातले असेल, असे कुणीही म्हणेल. पण छापच पाडायची तर न्यूयॉर्क होते, नुसते ‘अमेरिकन’ होते. ‘टेलिफोन सप्लाय’ हे शेपूट कुणाला भुरळ घालणार? असले रूक्ष नाव माणूस हौसेने उचलत नाही. ज्याचा माल विकायचा त्याचेच नाव दुकानावर चढते, आणि इथेही तेच घडले असणार. एल्कहार्टची कंपनी आणि मुंबईची पेढी यांचे नाते मालाचे असावे, नुसत्या नावाचे नव्हे. मोटवाने घराण्याचा पिंडच आवाज दूरवर पोचवण्याचा. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर नानक मोटवाने हेही आरोपी होते.

म्हणजे मंडपातला मायक्रोफोन आणि गिटारवरचे बटण एकाच आडनावाचे ठरतात. तिथे थांबायचे कारण नाही. गिटारचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर वाद्यांच्या कारखान्यात जन्मलेला नाही. तो सभेच्या लाउडस्पीकरच्या कुळातला आहे आणि इकडूनतिकडून जमवलेल्या सामानातूनच उभा राहिला आहे. जुन्या सामानातून तो बांधणारा छत्रपती संभाजीनगरचा हौशी कारागीर काटकसर करत असेल, पण त्याची पद्धत अस्सल मूळची आहे.

व्हॉल्व्हची जन्मकथा सर्वांना ठाऊक आहे. १९०४ मध्ये फ्लेमिंगने दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला, १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने त्यात तिसरे टोक म्हणून जाळी घातली, आणि क्षीण लहर मोठी करता येऊ लागली.

वाद आहे तो पुढचा. रूढ समजूत अशी, की गिटारचा ॲम्प्लिफायर हे रेडिओचे अपत्य. या समजुतीच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात रिकेनबॅकरची पहिली विजेवरची हवाईयन गिटार आली, तेव्हा तिच्यासाठीचे सुरुवातीचे ॲम्प्लिफायर एका रेडिओ दुकानदाराकडूनच बनवून घेतले गेले. लिओ फेंडरचेही १९३८ पासून फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. व्हॉल्व्ह रेडिओचे, कंडेन्सर रेडिओचे, हात रेडिओ मिस्त्रीचे. मग आणखी काय हवे?

हवे आहे ते असे. हाच फेंडर गिटारचे ॲम्प्लिफायर करण्याआधी नाचाच्या कार्यक्रमांना आणि मैदानांवरच्या सामन्यांना लाउडस्पीकरची यंत्रणा बांधून द्यायचा, भाड्याने द्यायचा. गवई आणि वादक त्याच्या दुकानात आले ते त्यासाठी. लंडनचा जिम मार्शल तर मूळचा ड्रम वाजवत गाणारा. युद्धकाळात पेट्रोल मिळेना, तेव्हा तो आपले ड्रम आणि स्वतः बनवलेली लाउडस्पीकरची पेटी सायकलमागच्या गाडीवर लादून कार्यक्रमाला जायचा. गिटारच्या आवाजाला ज्यांनी वळण दिले त्यांतले हे दोघे मोठे. आणि दोघेही गिटारच्या ॲम्प्लिफायरआधी ‘माइक टेस्टिंग’मधले.

दुसरा पुरावा यंत्राच्या पोटातच आहे. जुन्या फिलिप्स रेडिओत आवाजाच्या बाजूला साधारणपणे दोनच पायऱ्या असतात: एक छोटा ट्रायोड आणि त्यामागे ईएल८४ हा जोरकस व्हॉल्व्ह. रेडिओला तेवढे पुरते, कारण त्याच्याकडे येणारी लहर आधीच्या व्हॉल्व्हनी मोठी केलेली असते. मागच्या बाजूला ग्रामोफोनसाठी जागा असते, पण क्रिस्टल पिकअपची लहरही गिटारच्या पिकअपपेक्षा जोरदार. तिथे गिटार जोडली तर आवाज कसाबसा येतो. फेंडरचा छोटा चँप ॲम्प्लिफायर उघडला तर १२एएक्स७ या जोडव्हॉल्व्हचे दोन्ही अर्धे एकामागोमाग लावलेले दिसतात, मग ६व्ही६. म्हणजे एक पायरी जास्त. ही जास्तीची पायरी रेडिओत नसते. ती असते मायक्रोफोनसाठी बनवलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये, कारण मायक्रोफोनची लहरही गिटारसारखीच बारीक. रेडिओने व्हॉल्व्ह दिले हे मान्यच. पण घराचा आराखडा मंडपाचा आहे.

आपल्याकडे हे सिद्ध करायला अमेरिकेत जावे लागत नाही. बेंजो पार्टी पाहावी. हे वाद्य मूळचे जपानी. नागोयाच्या गोरो मोरिताने १९१२ मध्ये तायशोगोतो तयार केले, तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून. भारतात ते ‘बुलबुल तरंग’ म्हणून आले, आणि महाराष्ट्रात त्याला कुणीतरी पिकअप बसवला. वरात असो, मिरवणूक असो, बेंजोवाल्याने आपली वायर सरळ हातगाडीवरच्या सभेच्या ॲम्प्लिफायरच्या माइकच्या भोकात खुपसली आणि वर भोंगे बांधले. त्याच्यासाठी कोणत्याही कंपनीने वेगळा ॲम्प्लिफायर काढला नव्हता. पोलादी तारा, पिकअप आणि माइकचा ॲम्प्लिफायर: फुलर्टनमध्ये जे घडले तेच इथे, कुणाचे न पाहता, घडले. ज्याला गिटारचे कूळ शोधायचे आहे त्याने बेंजोला चुलतभाऊ मानायला हरकत नाही.

छत्रपती संभाजीनगरला या सामानाची ओळख जुनी. पुण्याला आकाशवाणीचे केंद्र १९५३ मध्ये मिळाले. इथे निजामाच्या रेडिओचे केंद्र त्याआधीच होते आणि १९५० मध्ये ते आकाशवाणीकडे आले. पुढे पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही तयार होऊ लागले, आणि टीव्हीची पिक्चर ट्यूब हीदेखील व्हॉल्व्हचीच जात. राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून भडकल गेटच्या भीमजयंतीपर्यंत शहराने किती भोंगे ऐकले त्याची गणती नाही. आता तिथे डीजेच्या भिंती लागतात. जुनी यंत्रे अडगळीत जातात, आणि तिथून जाफर गेटच्या रविवारच्या बाजारासारख्या ठिकाणी उतरतात. हौशी माणूस शोधाला निघतो तो इथून.

शोधताना जी गोष्ट आधी पाहायची, ती म्हणजे व्हॉल्व्हवरचे पहिले अक्षर. युरोपी पद्धतीत हे अक्षर तापतारेची वीज सांगते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. ‘डी’ म्हणजे बॅटरीवरचा, वीज नसलेल्या खेड्यांतल्या संचांतला. ‘पी’ टीव्हीतला. आणि ‘यू’ म्हणजे एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या संचातला, ज्यात सगळ्या व्हॉल्व्हच्या तापतारा एका माळेत जोडून थेट मेनला लावलेल्या असतात. या शेवटच्या संचात मेन ट्रान्स्फॉर्मर नसतो. त्यामुळे चासीचा एक धागा सरळ घरातल्या विजेला जोडलेला असतो. रेडिओ लाकडी पेटीत बंद होता म्हणून आजोबांना काही झाले नाही. पण गिटारच्या तारा वायरवाटे चासीला जोडलेल्या असतात, आणि त्या तारांवर वादकाची बोटे. असा संच गिटारला लावणे म्हणजे जिवाशी खेळ. यूएल८४ दिसला, की तो संच रेडिओ म्हणून जपावा आणि पुढे जावे.

‘ई’ दिसला तर मात्र मौज आहे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून फिलिप्सच्या तंत्राने रेडिओचे व्हॉल्व्ह करायला घेतले, म्हणून आपल्याकडच्या बेल छापाच्या व्हॉल्व्हवर अमेरिकी नव्हे, युरोपी नावे असतात. बेलचा ईएल८४ आणि बीटल्सच्या व्हॉक्स एसी३० मध्ये चार-चार लागणारा ईएल८४ एकाच नमुन्याचे. फिलिप्सच्या तक्त्याप्रमाणे एकटा ईएल८४ अडीचशे व्होल्टवर साधारण ४८ मिलिॲम्पिअर ओढतो आणि ५.७ वॉट देतो. घरातल्या खोलीसाठी हे कमी नाही, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला विचारावे. त्याच्याआधी एक ईसीसी८३ (१२एएक्स७ चेच युरोपी नाव) लावला की मंडपाची ती जास्तीची पायरीही आली.

मंडळाच्या जुन्या ॲम्प्लिफायरमधून चासी आणि दोन्ही ट्रान्स्फॉर्मर घ्यावेत. पण आउटपुटचा ट्रान्स्फॉर्मर दोन व्हॉल्व्हच्या जोडीसाठी असेल तर एकट्या ईएल८४ ला रेडिओतलाच लावावा. जोडीच्या ट्रान्स्फॉर्मरला एकाच दिशेने वाहणारी वीज सोसत नाही, त्याचा कोअर भरून जातो आणि खर्ज गळतो. शंभर व्होल्टची लाइन लांबच्या भोंग्यांसाठी असते, ती सोडून ८ किंवा १६ ओहमचे टोक घ्यावे. भोंगाही नको, तो खालचे सूर खाऊन टाकतो. कागदी कोनाचा आठ-दहा इंची स्पीकर हवा. पेटीला जुन्या दाराचे सागवान उत्तम.

कंडेन्सर मात्र जुने ठेवायचे नाहीत, आणि इथे हौसेला लगाम हवा. मधला कागदी कंडेन्सर गळू लागला, की ईएल८४ च्या जाळीवर नको तो विजेचा दाब चढतो. आतली पत्र्याची नळी लालभडक होते आणि व्हॉल्व्हबरोबर ट्रान्स्फॉर्मरही जातो. मोठे फिल्टर कंडेन्सर बटण बंद केल्यावरही भरलेले राहतात, म्हणून ते रेझिस्टन्स लावून रिकामे करून, मीटरवर बघूनच हात घालावा. तीन पिनांची वायर आणि चासीला पक्के अर्थिंग यात सूट नाही. पहिल्यांदा चालू करताना जुन्या मिस्त्रीला शेजारी बसवावे.

जमवाजमव केली म्हणून आवाज दुय्यम होईल ही भीती मार्शलनेच खोटी ठरवली आहे. १९६२ मध्ये हॅनवेलच्या त्याच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या बेसमन ॲम्प्लिफायरचा आराखडा समोर ठेवला. अमेरिकी माल महाग, म्हणून जे लंडनला मिळेल ते लावले. ट्रान्स्फॉर्मर दुकानातले तयार. ५८८१ च्या जागी पुढे केटी६६ आले. पहिल्या पायरीवरच्या १२एवाय७ च्या जागी ईसीसी८३ बसला, जो लहर दुपटीहून जास्त मोठी करतो. नक्कल करायला गेले आणि जेटीएम४५ चा दणदणीत, किंचित फाटलेला आवाज हाती आला. रॉक संगीत पुढे त्याच आवाजावर पोसले गेले. सामान बदलले म्हणून आवाज बिघडला नाही, तो नवा झाला.

आज या कामातली खरी अडचण ट्रान्स्फॉर्मरची आहे. नवे व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये अजून बनतात, कंडेन्सर कुठेही मिळतात. पण भंगारवाला ट्रान्स्फॉर्मर पाहतो तो तांब्याच्या भावाने, आणि कापून टाकतो. एकदा कापला की तो परत गुंडाळणारा माणूस शोधत फिरावे लागते. गणेश मंडळांनी, शाळांनी, वाचनालयांनी आपल्या खोलीतला जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर वजनावर देण्याआधी शहरातल्या एखाद्या गिटारवाल्याला किंवा रेडिओ मिस्त्रीला एकदा दाखवावा.