शून्यापासून समुद्र : बेंगळुरूतील खाऱ्या टाकीच्या पाण्याची गोष्ट

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा खाऱ्या टाक्यांसाठी पाणी कोठून आणावे हा प्रश्नच नव्हता. समोर समुद्र होता. बेंगळुरूच्या कब्बन पार्कातील शासकीय मत्स्यालय १९८३ चे, आणि ते ओळखले जाते ते मुख्यतः गोड्या पाण्यातील माशांसाठी. त्यात नवल नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांपासून साधारण ३०० किलोमीटर दूर वसलेले आहे. येथे घरात खाऱ्या पाण्याची पहिली टाकी मांडू पाहणाऱ्याला समुद्र घरीच तयार करावा लागतो. नवशिक्याला वाटते, त्याची सुरुवात मिठापासून होते. प्रत्यक्षात ती होते नळाच्या पाण्यातील जवळजवळ सर्व काही काढून टाकण्यापासून. असे का, हे समजण्यासाठी दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

१८४६ मध्ये ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी शहरात वारंवार आणणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून आणलेलेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळण्याचा मार्ग त्यांनी काढला. हे कंटाळवाणे काम अर्थातच घरातील मोलकरणीच्या वाट्याला आले. विज्ञानाच्या इतिहासात तिचे नाव नाही. प्रवाळ मात्र जगले.

फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाने पुढचे पाऊल टाकले. समुद्राचे पाणी आणायचे कशाला, ते बनवूच, असे त्याने ठरवले. ब्रायटनजवळच्या समुद्रजलाचे रासायनिक पृथक्करण श्वाइट्झर याने केले होते. त्याच्या आधारे गॉसने १८५४ मध्ये आपली कृती प्रसिद्ध केली. साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एवढे चारच क्षार त्याने घेतले. कॅल्शियम कार्बोनेट मुद्दाम वगळले. टाकीच्या तळाशी शिंपले आणि प्रवाळांचे तुकडे असतातच, त्यातून ते मिळेल, हा त्याचा हिशेब. कृती धाडसी होती, आणि त्या काळच्या मानाने ती चांगलीच साधली. तरीही गॉसचे सारे लक्ष पाण्यात काय घालायचे याकडे होते. पाण्यात आधीपासून काय आहे, हा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो समुद्राचे गणित उलगडल्यावर.

ते गणित विल्यम डिटमार याने मांडले. १८७२ ते १८७६ या काळात जगाच्या महासागरांतून फिरलेल्या ‘चॅलेंजर’ जहाजाने जागोजागचे पाणी गोळा केले होते. त्यांपैकी ७७ नमुन्यांचे पृथक्करण डिटमारने केले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. पाणी कोठे अधिक खारट, कोठे कमी. पण त्यात विरघळलेल्या मुख्य घटकांचे परस्पर प्रमाण जवळजवळ सर्वत्र एकच. क्लोराइड, सोडियम, सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम हे सहा आयन मिळून विरघळलेल्या क्षारांचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग होतो. आज बाजारात मिळणारे कृत्रिम सागरी मीठ याच प्रमाणावर बेतलेले असते. एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, हा त्याचा हिशेब. पण मीठ बनवणाऱ्याने गृहीत धरलेले असते की, ज्या पाण्यात ते पडणार त्यात दुसरे काही नाही.

बेंगळुरूच्या नळाला हे गृहीतक मानवत नाही. १८९४ मध्ये हेसरघट्टा तलावाचे पाणी शहरात आले, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीच्या जलाशयाचे, आणि १९७४ पासून कावेरीचे. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, जवळजवळ ५०० मीटर वर चढवून आणावे लागते. ते तुलनेने मृदू असते. मात्र शहराचा मोठा भाग आजही कूपनलिकांवर आणि टँकरवर जगतो. ते पाणी ग्रॅनाइट आणि नाइस खडकांच्या भेगांतून येते. त्यात कॅल्शियम, बायकार्बोनेट, सिलिका आणि दाट वस्तीखाली नायट्रेटही असू शकते. माणसाच्या प्रकृतीला यातील बरेचसे चालते. टाकीत मात्र नायट्रेट आणि फॉस्फेट शेवाळाचे खत होतात, सिलिकेटावर तपकिरी डायटमचा थर माजतो. जुन्या नळांतून तांब्याचा अंश उतरला तर कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांसारखे अपृष्ठवंशीय जीव दगावतात.

खरी अडचण बाष्पीभवनात आहे. समजा १०० लिटरच्या टाकीतून रोज एक लिटर पाणी उडून जाते. वाफ जाते, क्षार मागे राहतात. म्हणून भर घालायची ती बिनखारट पाण्याची. ती भर लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असलेल्या कूपनलिकेच्या पाण्याची असेल, तर रोज अर्धा ग्रॅम, महिन्याला १५ ग्रॅम परके क्षार टाकीत साचतात. आणि ते समुद्राच्या प्रमाणात नसतात. खारटपणा मोजणारे उपकरण कदाचित ठीक आकडा दाखवील, पण डिटमारचे प्रमाण हळूहळू मोडत जाईल. शुद्ध पाण्याचा आग्रह स्वच्छतेसाठी कमी आणि या प्रमाणासाठी अधिक असतो.

पूर्वी असे पाणी मिळवायचे म्हणजे उकळून, वाफ थंड करून. इंधनाचा खर्च पाहता घरातल्या टाकीसाठी तो मार्ग नव्हताच. बदल घडवला एका पातळ पटलाने. १९५० च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात चार्ल्स रीड आणि अर्नेस्ट ब्रेटन यांनी दाखवले की, दाब दिल्यास सेल्युलोज ॲसिटेटच्या पटलातून पाणी जाते आणि मीठ अडते. पाणी मात्र इतके थेंबाथेंबाने येई की उपयोग शून्य. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी असे पटल घडवले की, ज्याचा वरचा अत्यंत पातळ थर क्षार अडवतो आणि खालचा सच्छिद्र थर फक्त आधार देतो. प्रवाह कित्येक पटींनी वाढला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोअलिंगा या गावात व्युत्क्रम परासरणाचे पहिले व्यापारी संयंत्र सुरू झाले. १९७० च्या दशकात जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडचे अधिक सक्षम पटल तयार केले. आज स्वयंपाकघरातील ‘आरओ’ यंत्रात गुंडाळी करून बसवलेले पटल त्याच कुळातले. भारतीय घरांत हे यंत्र इतके रुळले आहे, पण सौरिराजन यांचे नाव फारच थोड्यांना ठाऊक असते.

पटल ९५ ते ९८ टक्के क्षार अडवते. उरलेले काढण्याचे काम आयन-विनिमयाचे. मातीतून अमोनियम शोषले जाते आणि बदल्यात कॅल्शियम बाहेर पडते, हे थॉम्पसन आणि वे यांनी १८५० मध्येच दाखवले होते. १९३५ मध्ये ॲडम्स आणि होम्स यांनी कृत्रिम रेझिनांतही हा गुण असल्याचे सिद्ध केले. तुटक्या ग्रामोफोन तबकड्यांच्या भुकटीत तो आढळला, असा किस्सा या विषयाच्या इतिहासात हौसेने सांगितला जातो. टाकीसाठीच्या संचात म्हणून चार पायऱ्या असतात : गाळ अडवणारी गाळणी, सक्रिय कोळसा, पटल आणि शेवटी रेझिन. कोळसा आधी का, तर नळातील क्लोरीन पॉलिअमाइडचे पटल खाऊन टाकतो. शेवटी टीडीएस मापक शून्य दाखवू लागला की पाणी तयार. आकडा शून्यावरून सरकू लागला की रेझिन बदलायचे. भूजलातील विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पटलातून आरपार जातो आणि रेझिन लवकर संपवतो, हे अनेकांना फार उशिरा कळते.

पिण्याच्या पाण्याचे घरगुती यंत्र या कामाला का चालत नाही, याचेही उत्तर येथेच आहे. चवीसाठी त्यात थोडे कच्चे पाणी किंवा खनिजे परत मिसळलेली असतात. काही यंत्रे आरोग्याच्या नावाखाली तांबे मिसळतात. कोळंबीसाठी ते विषच. वीस लिटरच्या कॅनच्या पाण्यातही बहुधा खनिजे घातलेली असतात.

शुद्ध पाणी हाती आल्यावर पुढचे सोपे आहे. पाण्यात मीठ घालायचे, मिठावर पाणी ओतायचे नाही. नाहीतर दाट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. पंपाने दिवसभर घुसळून, २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आल्यावरच पाणी टाकीत सोडायचे.

राहतो प्रश्न पटलाने नाकारलेल्या पाण्याचा. लहान संचात एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाहून जाणे सामान्य आहे. वरच्या टाकीला आठवड्याला १० लिटर बदली आणि ७ लिटर भर धरली, तर ५१ लिटर नाल्यात. मार्च २०२४ मध्ये याच शहरातील निम्म्याच्या आसपास सार्वजनिक कूपनलिका कोरड्या पडल्या होत्या आणि पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास ५,००० रुपये दंड होता. त्याआधी, २०१९ मध्ये, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने आरओ यंत्रांनी किमान ६० टक्के पाणी परत मिळवावे, असे निर्देश दिले होते. छंदाला या हिशेबातून सूट मिळावी, असे कोणतेच कारण दिसत नाही. मात्र नाकारलेले पाणी घाण नसते. एकास तीन या प्रमाणात त्यातील क्षार मूळच्या सव्वा-दीड पटीपलीकडे जात नाहीत. ५०० चे साधारण ६६० होतात. फरशी पुसायला, संडासात ओतायला ते पुरेसे चांगले आहे. त्यासाठी लागतो तो फक्त संचाच्या तिसऱ्या नळीखाली ठेवलेला एक पिंप.