महाडचे तळे आणि याकोबाची विहीर

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. तसा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. परिषदेसाठी कोणी हिंदू जागा देईना, म्हणून ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाच्या जागेवर भरली. त्याच वर्षी २० मार्चला डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्यायले होते. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले होते. हा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. दहनाचा दिवस नाताळचा होता, हा केवळ योगायोग. परंतु त्या योगायोगामुळे मला एका स्त्रीची आठवण होते. तिने चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, याच ग्रंथाने दिलेला एक निवाडा मनोमन अमान्य केला होता, आणि तोही पाण्याच्याच एका कथेमुळे.

ही स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण यांना १८७०च्या दशकातील दुष्काळाने ओढून नेले. तीर्थे, व्रते, दाने यांत सर्वस्व वेचलेल्या या कुटुंबाला देवाने अखेरीस उपासमार दिली, हा प्रश्न रमाबाईंना आयुष्यभर सोडून गेला नाही. पुढे कलकत्त्यास धर्मशास्त्रे वाचताना त्यांच्या ध्यानात आले की, एरवी परस्परविरुद्ध बोलणारे हे ग्रंथ दोन गोष्टींवर मात्र एकमताने बोलतात : स्त्री स्वभावतःच अपवित्र आहे, आणि पतिसेवेवाचून तिला मोक्ष नाही. पतित स्त्रीला राजाने कुत्र्यांकडून खाववावे, ही मनूची आज्ञाही त्यांनी वाचली होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या. तेथून काही दिवस त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथे पाठविण्यात आले. तेथे त्याच भगिनी ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांचा सांभाळ करीत. ज्यांना समाजाने टाकले त्यांची शुश्रूषा कोणी कशासाठी करावी, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखविण्यात आला. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी हा प्रसंग आपल्या श्रद्धेचे वळण म्हणून सांगितला आहे. १८८३च्याच सप्टेंबर महिन्यात त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ती कथा अशी. भर दुपारी येशू याकोबाच्या विहिरीपाशी बसलेला असतो. पाणी भरण्यास एक शोमरोनी स्त्री येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, त्यांच्या भांड्याला तोंड लावणे तर दूरच. येशू तिच्याजवळ पाणी मागतो. ती चकित होते. बोलता बोलता तिचे पाच नवरे झाले आणि आताचा पुरुष तिचा नवरा नाही, हेही तो उघड करतो. येथे एक गोष्ट सहज निसटते. ख्रिस्ती दया म्हणजे दोषाकडे काणाडोळा नव्हे. येशू सत्य झाकत नाही, आणि न्यायाचा मूळ अर्थ तरी सत्य उघडे पाडणे हाच आहे. परंतु उघडे पडल्यावर त्या स्त्रीवर दगड येत नाहीत की कुत्री सोडली जात नाहीत. उलट गावाकडे निरोप घेऊन जाणारी तीच ठरते. निवाड्यानंतरही माणसाला उद्या उरतो, यालाच ख्रिस्ती धर्म आशा म्हणतो.

रमाबाईंना हे एका वाचनात उमगले नाही. आपल्याला आठ वर्षे ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनीच पुढे नमूद केले. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवा आणल्या. केडगावास ‘मुक्तिसदन’ उभे राहिले, आणि पतित स्त्रियांसाठी वेगळे ‘कृपासदन’. ज्या दुष्काळाला आईवडिलांवरील दैवी दंड म्हणता आले असते, त्याच्याशी त्या अशा रीतीने पुन्हा समोरासमोर उभ्या राहिल्या.

तथापि एक आक्षेप टाळता येत नाही, आणि तो महाडच्या नेत्याचाच आहे. अस्पृश्य ख्रिस्ती झाला तरी त्याची सामाजिक स्थिती पालटत नाही, चर्चमध्येही जात राहते, आणि माणसाचे पतन त्याच्या पापामुळे झाले असे शिकविल्याने भोवतालच्या अन्यायी व्यवस्थेवरील त्याची नजर हटते, असे डॉ. आंबेडकरांनी लिहिले आहे. कृपेची शिकवण सोसणाऱ्याला सोसतच ठेवते काय, असा हा प्रश्न आहे. हा आरोप इतिहासाने बऱ्याच अंशी खरा ठरविला आहे. येथील चर्चने पापक्षमेविषयी जितके सांगितले तितके पाणवठ्याविषयी सांगितले नाही.

परंतु हा दोष शुभवर्तमानाचा आहे काय? मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे जे चित्र आहे, त्यात राजा माणसांना त्यांची मते विचारीत नाही. भुकेल्याला अन्न दिले काय, तहानेलेल्याला पाणी दिले काय, परक्याला घरात घेतले काय, एवढेच तो विचारतो. ज्याला नाकारले तो न्यायाधीशच होता, असे शेवटी कळते. या चित्रासमोर चवदार तळ्यात पंचगव्य ओतणारा जसा आरोपी ठरतो, तसाच आपल्या चर्चमध्ये जात पाळणारा ख्रिस्ती माणूसही ठरतो.

रमाबाई १९२२ मध्ये वारल्या. महाडचा संगर त्यांनी पाहिला नाही, आणि दोन्ही घटनांत कार्यकारणसंबंध आहे असेही मला म्हणावयाचे नाही. केडगावाने निवाडा झालेल्यांना आसरा दिला. महाडने निवाडा करणाऱ्याच्या अधिकारालाच हात घातला. पहिल्यावाचून दुसरे कोरडे होते, दुसऱ्यावाचून पहिले दुबळे. तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला. ओंजळभर पाण्याचा हा मानवी न्याय मिळण्यास दहा वर्षे लागली. ईश्वरी न्यायाची आशा धरणाऱ्याने त्या दहा वर्षांत आपण कोठे होतो, हे स्वतःस विचारले पाहिजे.