जुन्या मोटारीच्या इंजिनाची पारख : किलोमीटरइतकेच महत्त्व चाललेल्या तासांना

जयनगर (बंगळुरू) : जुनी मोटार घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती किलोमीटर चालली आहे?’ मोठ्या शहरात या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तरही अपुरे ठरते. सिग्नलवर मोटार उभी राहिली की ओडोमीटर थांबतो, इंजिन मात्र चालूच असते. त्यामुळे जयनगरच्या परिवहन कार्यालयात नोंदलेली, ‘केए-०५’ क्रमांकाची कमी चाललेली मोटार पाहताना किलोमीटरबरोबर इंजिन चाललेल्या तासांचाही अंदाज घ्यावा लागतो.

टॉमटॉम या नकाशा कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकानुसार, बंगळुरूत १० किलोमीटर अंतर कापण्यास सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद लागले. पुण्यात हा वेळ ३३ मिनिटे २२ सेकंद होता. म्हणजे बंगळुरूतील वेग ताशी सुमारे साडेसतरा किलोमीटर. या वेगाने ४० हजार किलोमीटर चाललेल्या मोटारीचे इंजिन सुमारे २,३०० तास चाललेले असते. महामार्गावर ताशी ६० किलोमीटरच्या सरासरीने तेवढेच अंतर जेमतेम ६७० तासांत पूर्ण होते. उभ्या मोटारीच्या इंजिनावर महामार्गासारखा भार नसतो, हे खरे. तरीही ऑइल जुने होत जाते आणि कमी वेगात काजळीही अधिक साचते.

सर्व्हिसची नोंद

बहुतेक कंपन्या ‘१० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते’ अशी सर्व्हिसची अट घालतात. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या मोटारीच्या बाबतीत ‘एक वर्ष’ हीच अट निर्णायक असते आणि नेमकी तीच पाळली जात नाही. म्हणून सर्व्हिसच्या पावत्यांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही पाहावेत. आकडे क्रमाने वाढत गेलेले नसतील, तर मीटर मागे फिरवल्याची शंका घेण्यास जागा आहे.

इंजिनाच्या नावलौकिकावरही विसंबू नये. फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन मारुती स्विफ्ट, टाटा इंडिका व्हिस्टा आणि फियाट पुंटो अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोटारींत बसवले गेले आणि टिकाऊ म्हणून नावाजले. मात्र वेळेवर ऑइल न बदललेले नावाजलेले इंजिनही खराबच निघते.

थंड इंजिन खरे बोलते

मोटार पाहायला सकाळी जावे आणि ती आधी चालू करू नये, असे विक्रेत्याला सांगून ठेवावे. पोहोचताच बॉनेटला हात लावावा. ते गरम असेल तर तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकलावी. झिजलेल्या इंजिनाचे आवाज आणि सुरू होण्यातील अडचण गरम झाल्यावर झाकली जाते. सुरू करताच काही क्षण खडखड ऐकू आली, तर टायमिंग चेन सैल झाल्याची किंवा ऑइलचा दाब उशिरा तयार होत असल्याची शक्यता असते. चेनऐवजी टायमिंग बेल्ट असेल, तर तो कधी बदलला याची पावती मागावी. अनेक इंजिनांत बेल्ट तुटल्यास व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर ऑइल जळत आहे. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजल्याचे ते लक्षण आहे. गारव्यात सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ स्वाभाविक असते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर कायम राहिला, तर कूलंट आत शिरत असून हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. काळा धूर इंधन जास्त जात असल्याचे सांगतो. कूलंटवर तेलाचा तवंग किंवा डिपस्टिकवर दुधाळ थर दिसल्यास व्यवहार तिथेच थांबवावा. कूलंटचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडावे.

त्यानंतर किमान अर्धा तास मोटार चालवावी. जयनगरच्या गल्ल्यांत दोन फेऱ्या मारून भागत नाही. कनकपुरा रस्त्याने बाहेर पडून मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यावा आणि परतताना गर्दीत तापमानाचा काटा पाहावा. बीएस-६ डिझेल मोटार केवळ जवळच्या फेऱ्यांसाठी वापरली गेली असेल, तर धुरातील काजळी अडवणारा फिल्टर तुंबलेला असू शकतो.

गॅरेजमधील तपासणी

अंतिम निर्णयापूर्वी स्वतःच्या ओळखीच्या मेकॅनिककडून दोन चाचण्या करून घ्याव्यात. पहिली स्कॅनरची. त्यात दोषांचे संकेत दिसतात. ते नुकतेच पुसले असतील, तर अंतर्गत चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात. दुसरी सिलिंडरमधील दाबाची, म्हणजे कॉम्प्रेशनची. एका सिलिंडरचा दाब इतरांहून बराच कमी असेल, तर बिघाड आतला आहे.

कागदपत्रे

मोटारीवरील इंजिन आणि चेसिस क्रमांक आरसीशी ताडून पाहावेत. इंजिन बदललेले असल्यास त्याची नोंद आरसीवर हवी. वित्तसंस्थेचा बोजा उतरल्याशिवाय रक्कम देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या मोटारींच्या विक्रेत्याला परिवहन प्राधिकरणाचे अधिकारपत्र घेणे बंधनकारक आहे. ते पाहण्याचा आग्रह धरावा. मोटार महाराष्ट्रात कायमची न्यायची असल्यास नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. हा खर्च किंमत ठरवतानाच धरावा.

इंजिन उघडून दुरुस्त करण्याची वेळ आली, तर खरेदीत वाचलेले पैसे त्यातच जातात. थंड इंजिन सुरू करून दाखवण्यास किंवा मोटार बाहेरच्या मेकॅनिककडे नेऊ देण्यास विक्रेता नकार देत असेल, तर किंमत कितीही कमी असली, तरी दुसरी मोटार पाहावी.