मांडी घालता येईल का?

खड्डामागावर बसलेल्या विणकराचे पाय जमिनीखाली असतात. खड्ड्याच्या काठावर बसायचे, पाय आत सोडायचे, आळीपाळीने पावड्या दाबायच्या आणि हाताने धोटा फेकायचा. पूर्व सोलापुरातल्या बिडी वळणाऱ्या बाईची बैठक निराळी: मांडी घातलेली, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू. दोघांची रोजी बसण्यावर अवलंबून. अशा गावात ऐन तिशीत कुणाचा खुबा धरला, तर दुखणे थांबेल का याच्या जोडीला दुसरा प्रश्न येणारच: मांडी घालता येईल का? तरुणांच्या खुब्यावरच्या उपचारांचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास या प्रश्नाच्या अंगाने वाचला, तर त्यातली प्रत्येक पायरी नीट उलगडते.

१८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि सोलापूर गिरणगाव होऊ लागले. त्या काळात खुबा दुखला की निर्गुडीचा शेक, तापवलेली एरंडाची पाने, बिब्बा, आणि कशानेच भागले नाही तर डाग. डागाला परंपरेचा आधार होता. सांध्यात आणि हाडात शिरलेल्या वाताच्या उग्र वेदनेवर सुश्रुतसंहितेत अग्निकर्म सांगितले आहे. निखळलेला सांधा बसवणारे हाडवैद्यही होते. पण खुब्याच्या वाटीच्या आत मांडीच्या हाडाचा गोळा हळूहळू झिजत असेल, तर तिथवर कुणाचाच हात पोहोचत नव्हता.

तरुण वयात खुबा खाणारा मोठा शत्रू तेव्हा क्षय होता. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशनचे रुग्णालय उभे केले, पुढे क्षयरोग्यांसाठी वॉन्लेसवाडीचे आरोग्यधामही झाले. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी कुर्डुवाडी-पंढरपूरवरून थेट मिरजेपर्यंत गेली, आणि सोलापूर भागातल्या रोग्याला मिरजेचा रस्ता सोपा झाला. क्षयावर औषध नव्हते त्या काळात जगभर उपाय एकच: पायाला वजन लावून ताण द्यायचा, छातीपासून पावलापर्यंत प्लास्टर घालायचे आणि महिनोन्‌महिने निजवून ठेवायचे. नशीब चांगले असेल तर हाडे एकमेकांना जुळून खुबा कायमचा ताठ होई. वेदना जाई, चालणे जमे. मांडी मात्र संपली.

ऑक्सफर्डचे शल्यचिकित्सक गर्डलस्टोन यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया याच्या अगदी उलट. मांडीच्या हाडाचा गोळाच काढून टाकायचा आणि मधली जागा मऊ ऊतींनी भरू द्यायची. पाय आखूड होतो, चाल लंगडी होते, काठी लागते. पण खुबा वाकतो, उकिडवे बसता येते. युरोपात ही नाइलाजाची शस्त्रक्रिया मानली गेली. भारतात ती कित्येक वर्षे टिकली, आणि त्यात मागासलेपण शोधणे चुकीचे आहे. ज्याचे जेवण, शौच, पूजा आणि मजुरी जमिनीवर होते, त्याच्यासाठी तो समंजस सौदा होता.

नोव्हेंबर १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी टणक पॉलिथिलीनची वाटी आणि धातूचा लहान गोळा वापरून कृत्रिम खुबा बसवला. आजच्या सांधेबदलाचा पाया तो. पुढच्याच वर्षी सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पण चार्नलींचा खुबा वयस्कांसाठी होता. तरुण माणूस जास्त चालतो, वाटी झिजवतो, आणि कृत्रिम सांध्यापेक्षा जास्त जगतो. ही धास्ती त्यांनाही होती. शिवाय खुबा फार वाकवला तर तो निखळण्याची भीती, म्हणून खाली बसायला मनाई. खुर्चीवर जगणाऱ्यांच्या देशात या अटीचे फारसे ओझे नव्हते.

म्हणून तरुणांसाठी मूळचा सांधा वाचवण्याची खटपट सुरू राहिली. वाटी उथळ असेल तर ती हाडासकट कापून फिरवायची, ही शस्त्रक्रिया राइनहोल्ड गान्झ यांनी १९८४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये सुरू केली. आपल्याकडे तरुणांत वारंवार दिसणारे कारण मात्र वेगळे आहे: गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरणे. स्टेरॉइड आणि दारू ही त्याची दोन मोठी निमित्ते. गोळा ढासळण्याआधी हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करता येतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. संजय अग्रवाला यांनी हाडे ठिसूळ होण्यावरचे ॲलेन्ड्रोनेट हे औषध या आजारावर वापरले आणि त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०२१ मध्ये कोविडच्या उपचारात स्टेरॉइड घेतल्यावर असेच हाड मरू लागलेल्या, चाळिशीच्या आतल्या तीन रुग्णांची नोंदही त्यांनीच जगापुढे मांडली.

गोळा एकदा ढासळला की सांधेबदल उरतो. सिरॅमिकचे गोळे आणि कमी झिजणारे नवे पॉलिथिलीन आल्यापासून तो तरुणांनाही देता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेत दुसरी अडचण पैशाची. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखापर्यंतच्या उपचारांची हमी त्यात होती. हीच पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली. यंत्रमागाच्या पाळीवर किंवा बिडीच्या हजारीवर जगणाऱ्या घरात अशी हमी नसेल, तर वरचे सगळे शोध कागदावरच राहतात.

एक गोष्ट मात्र शेकाच्या काळापासून आजपर्यंत तशीच आहे. खुब्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते, कधी नुसत्या गुडघ्यात. लोक कंबर चोळत राहतात, मणक्याची गादी सरकली म्हणतात, आणि गोळा वाचवण्याचे महिने निघून जातात. सुरुवातीला साधा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, एमआरआयमध्ये मात्र आजार दिसतो. तेव्हा जांघेतली कळ काही आठवडे हटत नसेल, मांडी घालताना एक गुडघा वरच राहत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा, आणि आधी कधी स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने घेतली असतील तर न विचारताही ते सांगा.